शेवटच्या घागरीचा नेम

३ एप्रिल १९८३, रविवार. निलंगा

ही वही काढली, कारण मला भीती वाटते आणि हे सांगायला कुणी नाही. मंडळात तर सांगायची सोयच नाही. तिथे लहानथोर सगळे मला शिवगंगाअक्का म्हणतात, आणि अक्का घाबरली तर बाकीच्यांनी कुणाकडे बघायचं?

भीती कसली तेही धड सांगता येत नाही. सकाळी डोळा उघडला की छातीत धडधड सुरू होते. टँकरचा हॉर्न ऐकला की हातातलं काम तसंच टाकून उठते. आला म्हणजे भांडण होणार, नाही आला तर त्याहून वाईट. शाळेतली नोकरी सोडून या कामात आले तेव्हा रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मेल्यासारखी झोपायचे. आता आढ्याकडे बघत पडते.

समता मंडळानं मला तीन गावं दिली आहेत. टँकरचं पाणी गावाला मिळतं तेवढंच वस्तीलाही मिळतं की नाही, हे बघायचं. तिन्हींत अवघड धानोरखेड. तिथे टँकरच्या दोन खेपा. पहिली गावच्या विहिरीत रिकामी होते, दुसरी मातंग वस्तीपुढच्या लिंबाखाली थांबते आणि पाइपानं घागरी भरून देते. पण दुसऱ्या खेपेलाही गावातल्या बाया हंडे घेऊन पुढे येऊन उभ्या राहतात, आणि वस्तीतल्या शेवटच्या चार-सहा घरांच्या वाट्याला पाइपातली हवा येते.

गेल्या पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आता कलेक्टर हाकेच्या अंतरावर आला, पण काही विचारलं की उत्तर एकच, फाईल उस्मानाबादहून यायची आहे. दुष्काळाला फाईल लागली नाही. तो वेळेवर आला.

परवा टंचाईच्या ऑफिसात मी गार माठातले तीन ग्लास पाणी प्याले आणि तिथून धानोरखेडला गेले, तर विठाबाईच्या दारात घागरी पालथ्या. लाजेनं मेल्यासारखं झालं. म्हणून आज पूजेला बसले तेव्हा गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन नेम धरला. उद्यापासून सूर्य उगवला की पाण्याचा थेंब नाही. धानोरखेडच्या वस्तीतली शेवटची घागर भरली हे कानांनी ऐकायचं, मगच घोट घ्यायचा. पूजेचं तीर्थ तेवढं माफ. आमच्या घराण्यातल्या बाया नेम मोडत नाहीत. आजेसासूबाईंनी म्हणे जन्मभर मीठ खाल्लं नाही. कशासाठी सोडलं होतं, ते शेवटी त्यांनाही आठवत नव्हतं.

५ एप्रिल

फाट्यावर उतरून चालत धानोरखेडला पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. विठाबाई म्हणजे साऱ्या वस्तीची चुलती. कुणाचं भांडण असो की बाळंतपण, तिच्यावाचून हलत नाही. मला बघून तिनं रांजणाच्या बुडाशी हात घालून तांब्या भरला, पदरानं पुसला आणि पुढे केला.

"उन्हाच्या आल्या, घ्या बाई."

"नको विठाबाई. माझा नेम आहे."

"कसला वं नेम?"

मी सांगितलं. ओट्यावर पाच-सहा बाया ऐकत होत्या. विठाबाईची सून सिंधू, पहिलटकरीण, सातवा सरतोय तिला, ती उठली आणि तो तांब्या आत नेऊन रांजणात परत ओतला. एक थेंब सांडू दिला नाही. विठाबाई खाली मान घालून बसली. भरून आलं असणार बिचारीला. त्यांच्यासाठी तहानलेलं राहणारं आजवर कोण भेटलंय त्यांना?

७ एप्रिल

आज टँकर दिवस कलला तरी आला नाही. मी विठाबाईच्या उंबऱ्यावरच बसून होते. आधी जीभ टाळूला चिकटली, मग लिंबाचं झाड दोन दिसायला लागलं, मग काही दिसेनासं झालं. शुद्धीवर आले तेव्हा सिंधू ओल्या पदरानं माझे ओठ टिपत होती. मी दात आवळून धरले.

विठाबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाई, तुमी हितं मेल्या तर आमाला कोन सोडंल? मांगवाड्यानं बाई मारली म्हनतील. पोलीस कुनाच्या दारात येतील, सांगा बरं."

मला हसू आलं. माझी किती फिकीर करते! टँकर आला, घागरी भरल्या, मग मी माझ्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी प्याले. गरम झालं होतं, तरी अमृत वाटलं.

पण खरं लिहायचं तर डोळ्यांपुढे अंधार आला त्या क्षणी मी फार घाबरले होते. आता सगळं संपलं असंच वाटलं.

११ एप्रिल

नेमाला फळ आलं! आता मी बाकीची दोन गावं उरकून धानोरखेडला पोचते, तोवर वस्तीचं पाणी झालेलं असतं. चार दिवस ओळीनं हेच चाललंय. दुरून मला बघितलं की वळणावर उभी असलेली एक बाई वस्तीकडे पळत जाते. मी पोचते तेव्हा दारोदार घागरी ओळीनं मांडून फडक्यांनी झाकलेल्या असतात. पूर्वी असा नीटनेटकेपणा नव्हता.

"मिळालं का?"

"मिळालं बाई! शेवटची घागर बी भरली. प्या आता," सगळ्या शाळेतल्या पोरींसारख्या एका सुरात म्हणतात. मी पिईपर्यंत कुणी हलत नाही.

ती वळणावरची बाई कशाला उभी असते? सरपंच शेषेराव यांनी पाळत ठेवायला बसवली असेल का? विचारलं तर विठाबाई म्हणाली, "न्हाई वं, तिला दुसरं काम न्हाई." पण माझ्या डोळ्याला डोळा देईना. त्यांना कुणी दम दिलाय. डोळे मिटले की तेच दिसतं.

१४ एप्रिल, पाडवा. लातूर

सणाला घरी आले. आमचे हे, मन्मथराव, गंज बाजारातली पेढी लवकर बंद करून आले होते. जेवताना माझ्याकडे बघत म्हणाले, "दुष्काळ सरकारनं जाहीर केलाय की. तू ओठांवर वेगळा कशाला जाहीर करतेस?" त्यांची ही नेहमीची थट्टा. एरवी मी सव्याज परत केली असती. आज ताट सरकवून उठले आणि नको नको ते बोलले. दुकानात बसून गुळाचे भाव बघणाऱ्याला काय कळतंय म्हणाले. मग त्यांनी सरबत करून आणून उशाशी ठेवलं आणि बाहेर जाऊन बसले.

लघवीला आग होते. हे त्यांना सांगितलेलं नाही.

१९ एप्रिल

शेषेराव आज फाट्यावर उभे होते. एकटे. मला बघून पुढे आले.

"शिवगंगाबाई, उन्हाचं इतकं फिरत जाऊ नका. घेरी येऊन कुठं पडल्या-झडल्या तर इकडं माणूस बी भेटायचं न्हाई. ट्रॅक्टर पाठवत जाऊ का फाट्यावर?"

बोलणं किती गोड! पडल्या-झडल्या म्हणे. अर्थ न कळायला मी काय दूधखुळी आहे? मी म्हटलं, माझे पाय शाबूत आहेत. आणि पुढे निघाले. पण ओढ्याच्या उतारावर मागे कुणी येतंय असं वाटून तीनदा वळून बघितलं. एक म्हैस येत होती.

२४ एप्रिल, रविवार. नांदेड

मंडळाची बैठक. लातूरहून एस.टी.नं येईस्तोवर अंगाचं धिरडं झालं. भुजंगनं पुन्हा तेच काढलं, "अक्का, तुमच्या तीन गावांतलं एक मला द्या ना." भुजंग चांगला कार्यकर्ता आहे, पण नेम नाही, काही नाही, डबा उघडून बारा वाजता जेवायला बसणारा. मी म्हटलं, माझी गावं मी बघते. जरा जोरात म्हटलं असेन, कारण सगळे माझ्याकडे बघायला लागले.

संध्याकाळी गुरुपादप्पा काकांकडे गेले. मंडळ त्यांनीच उभं केलं. नामांतराच्या दंगलीत जळालेल्या वस्त्यांतून ते महिनोन्‌महिने फिरले, आणि एक दिवस विद्यापीठाचं नाही, मंडळाचं नाही, काहीच नको म्हणून लेकीकडे नांदेडला येऊन राहिले. आम्ही त्यांना मनातून पळपुटा म्हणतो. मीच सगळ्यांत जास्त. आता अर्धापूरची केळी खातात आणि दुपारी घोरतात. पोट सुटलंय.

मी नेमाचं सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

ते म्हणाले, "हा नेम तू कुणासाठी धरलास?"

"वस्तीसाठी."

"त्यांनी मागितला होता?"

मला रागच आला. मग ते केळं सोलत म्हणाले, "ती दंगल झाली तेव्हा मी अंथरुणावर झोपत नव्हतो. लोकांची घरं गेली, आपण गादीवर कसं निजायचं, म्हणून. ज्या घरी उतरायचो तिथली माणसं बिचारी ओशाळून जमिनीवर निजायची. तापलेली लेकरंसुद्धा खाली निजवायची. मला वाटायचं, बघा, कशी एकजूट झाली. शेवटी एकदा घरी आलो, तर दार उघडणारी पोरगी ओळखू येईना. माझीच होती. हीच." आत लेक भाकरी थापत होती. "पोरी, मी पळालो नाही. पडलो. तू पडायच्या आधी बस."

एस.टी.त बसले आणि दातओठ खात राहिले. स्वतः बसलेला माणूस दुसऱ्याला बस म्हणणार, त्यात नवल ते काय. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. दार उघडणारी पोरगी ओळखू आली नाही म्हणजे काय होतं नेमकं? आधी काही कळतं का?

२७ एप्रिल

टंचाईच्या ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "बाई, तुम्ही रोज सांगता धानोरखेडच्या वस्तीला पुरतं. तिकडे दुसऱ्या एका तांड्यावर थेंब नाही. टँकर तर वाढवून मिळत नाही. धानोरखेडची दुसरी खेप एक दिवसाआड तिकडे वळवू का? तुम्ही म्हणाल तर."

मी म्हटलं, वळवा. ज्याच्याकडे पुरेसं आहे त्यानं थोडं सोडायचं, समता म्हणजे तरी दुसरं काय? बऱ्याच दिवसांनी काही तरी जमल्यासारखं वाटलं. जिना उतरताना कठडा धरावा लागला एवढंच.

२८ एप्रिल

वस्तीत जाऊन सांगितलं. वाटलं, अभिमान वाटेल त्यांना. विठाबाई तुरीची डाळ निवडत होती, तिचा हात सुपातच थांबला. बायांनी एकमेकींकडे बघितलं.

"एक दिवसाआड?" सिंधूनं विचारलं.

"हो. आज इथे, उद्या तांड्यावर. तुमचं तर पुरून उरतंय ना?"

मग विठाबाई म्हणाली, "बरं हाय, बाई." आणि पुन्हा सूप हलवायला लागली. मी पाणी प्याले. आज पहिल्यांदाच कुणी माझ्याकडे बघत नव्हतं.

५ मे

काही तरी शिजतंय. आज खेपेचा दिवस नव्हता, तरी गेले. वस्तीत म्हातारी माणसं तेवढी होती. बाया कुठे? "सरपनाला." एवढ्या भर उन्हात, सगळ्या? थोड्या वेळानं त्या आल्या, जुन्या दगडी खदानीच्या बाजूनं, पायांना पांढरी माती, डोक्यावर पदर गच्च. सरपण कुणाकडेच नव्हतं. मला बघून थबकल्या. माझ्या पाठीमागे त्यांच्या बैठका चालल्यात का? शेषेराव त्यांना फोडतोय का?

विठाबाई जवळ आली. "बाई, एक सांगायचं व्हतं."

"सांगा की."

तेवढ्यात माझ्या हातातून तांब्या निसटला. उचलायला वाकले तर बोटं मिटेनात, हात नुसता थडथडत होता. मला रडू फुटलं, चारचौघींत, लहान पोरीसारखं. म्हटलं, विठाबाई, तुमच्यासाठी जीव पाखडून राहिलेय, आता तुम्ही तरी मला काही वाईट सांगू नका.

ती माझ्या हाताकडे बघत राहिली. "न्हाई, न्हाई. काय न्हाई. पानी प्या तुमी. कालचं हाय अजून, समद्यांना पुरलंय. प्या."

७ मे

आज ऑफिसात धानोरखेडबद्दल सांगत होते आणि विठाबाईचं नाव आठवेना. चेहरा समोर, कपाळावरचं गोंदण समोर, आणि नाव नाही. क्लार्क वाट बघत होते. मी काही तरी बोलून बाहेर आले आणि जिन्यावर बसले. घामानं पोलकं भिजलं. नाव आठवलं तेव्हा तोंडातल्या तोंडात कितीदा तरी म्हटलं. काकांची लेक भाकरी थापताना दिसत होती.

मला फार भीती वाटते. घरी जावंसं वाटतं. पण मी बसले तर त्यांचं पाणी कोण बघणार?

९ मे, सोमवार. निलंग्याचा दवाखाना

बाहेरच्या बाकावर बसून लिहितेय. अक्षर लागत नाही.

सिंधू पडली. खदानीत. फाट्यावर उतरले तर समोरून शेषेरावांचा ट्रॅक्टर, ट्रॉलीत गोधडीवर सिंधू, तिचं डोकं विठाबाईच्या मांडीवर, आणि शेषेराव स्वतः चालवत होते. थांबवून मला म्हणाले, "चढा लौकर." बस्स, दुसरं काही नाही.

डॉक्टरांनी आत नेलं. पायाचं हाड मोडलंय. पोटातल्या लेकराचं अजून सांगत नाहीत.

मी विठाबाईला विचारलं, "खदानीत कशाला उतरली ती?"

"पान्याला."

"पाण्याला? मग टँकरचं—"

"टँकरचं कवा मिळालंय वं सगळ्यांना?" ती माझ्याकडे न बघता बोलत होती, आवाज अगदी खालचा. "तुमी त्या दिशी उंबऱ्यात पडल्या. तवाच समद्या बसून ठरवलाव. बाईला पानी पाजायचं आसंल तर मिळालं म्हनायचं. एक जन वळनावर उभी करायची, घागरी झाकून ठिवायच्या. निम्म्या रिकाम्या आसायच्या. आमी रोज खोटं बोल्लाव."

"मला सांगायचं ना!"

"कसं सांगावं? सांगितलं की तुमी पानी सोडनार. तुमचे हात बघितले मी." ती थांबली. "आन मग तुमी खेपच दुसरीकडं देऊन आल्या. तवापसून खदानीत जाताव. तिथं एक झरा हाय, वाटीनं भरावं लागतं. उतरायला दगड सुटे हायेत. मी म्हनलं व्हतं तिला, तू नगं उतरू. तर म्हनली, तुमची कंबर धरलीय, आत्याबाई, मीच जाते."

रोज संध्याकाळी ऑफिसात जाऊन मी स्वतःच्या तोंडानं त्यांचं पाणी बंद केलं.

"आनि एक सांगू का? राग यील."

"सांगा."

"पोरी म्हनायच्या, नेम-बिम काय न्हाई. लिंगायताची बाई हाय, आपल्या हातचं प्यायचं न्हाई म्हनून नेम काढलाय. मी त्यास्नी रागं भरायची, बाई तसल्या न्हाईत म्हनून. पन पहिल्या दिशी तुमी तांब्या परत दिला ना, तवा मला बी तसंच वाटलं व्हतं."

जवळ ट्रॉलीतून आणलेली कळशी होती. सिंधूनं पडायच्या आधी वर दिलेली. विठाबाईनं तिच्यातून वाटीभर पाणी काढलं आणि माझ्यापुढे धरलं. पांढुरकं, गढूळ, तळाशी माती बसलेली.

मी हात पुढे केला आणि हात थांबला.

कशानं थांबला ते मला आत्ताही माहीत नाही. पाणी गढूळ होतं म्हणून असेल, नेम मोडतोय म्हणून असेल. दुसरं कारण माझ्यात नाही असं मी आजवर शपथेवर सांगितलं असतं. आता सांगवत नाही. तो एक क्षण विठाबाईनं बघितला. तिनं वाटी मागे घेतली नाही, पुढेही रेटली नाही, नुसती धरून राहिली. तिचा हात थकायला लागला तेव्हा मी वाटी घेतली आणि प्याले. दातांखाली माती आली. संपवली. मग रडले, आणि तिनं मला रडू दिलं.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. लेकराचे ठोके नीट आहेत म्हणाले. सिंधूला महिना-दीड महिना पाय टेकता येणार नाही. मला बघून विचारलं, या बाई पेशंट आहेत का?

१० मे

एक रात्र त्यांनी मलाही खाटेवर घातलं आणि सलाईन लावलं. मूत्रपिंडावर ताण आलाय म्हणे, आणखी आठवडाभर असं चाललं असतं तर सांगता आलं नसतं.

सकाळी मी विठाबाईला म्हटलं, आजच ऑफिसात जाते आणि खरं काय ते सांगते.

"तुमी न्हाई."

"मीच खोटं सांगितलंय त्यांना."

"खोटं आमी बोल्लाव. तुमी नुस्तं उचलून नेलं." तिनं पदर खोचला. "आमी लातूरला जाताव. मोठ्या सायबाकडंच. तुमी हितं निजा. आन इथून पुढं गावात आला की आदी आमच्या घरचं घोटभर प्यायचं, मग बोलायचं. जमत नसंल तर येऊ नका."

कुणी मला असं सांगेल, आणि तेही विठाबाई, असं महिन्याभरापूर्वी वाटलं नसतं. म्हटलं, "तिथे तुमचं कोण ऐकणार? मी बरोबर आले तर निदान—"

"बाई," ती म्हणाली, "निजा म्हनलं ना."

निरोप मिळाल्यावर दुपारी हे लातूरहून आले. त्यांनी एका अक्षरानंही थट्टा केली नाही, तेव्हा मला कळलं की मी दिसते तरी कशी. भुजंगला चिठ्ठी पाठवली, तीनपैकी दोन गावं तू घे.

१२ मे. लातूर

घरी. बाया आज कलेक्टर कचेरीत गेल्यात. इथून चालत दहा मिनिटांवर.

सकाळपासून उठते, चपला घालते, काढते. विठाबाईनं आयुष्यात लातूर दोनदा बघितलंय. शिपाई दारातूनच हाकलेल. खोटं बोललो असं कबूल केल्यावर, आता खेप कायमचीच बंद, म्हणाले तर? मला बघून निदान खुर्ची तरी देतात. हे सगळं मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग जा." आणि जरा वेळानं म्हणाले, "किंवा थांब." आणि पेढीवर गेले.

थांबले. भीती जात नाही, पण काय करणार? तिला सांगितलंय, थांबते म्हणून. दुपारी तहान लागली तेव्हा पाणी प्याले. कुणाला न विचारता पाणी पिताना चोरी केल्यासारखं वाटलं.

१३ मे

सकाळी विठाबाई दारात. काल रात्री बायांना परतीची गाडी मिळाली नाही, तर बसस्टँडवरच निजल्या. मी म्हटलं, इथे का नाही आलात? "तुमाला उठवायचं न्हवतं."

चुलीपुढे बसून तिनं सांगितलं. दुपारपर्यंत कुणी आत सोडलं नाही. मग सगळ्या झाकलेल्या रिकाम्या घागरी पोर्चमध्ये ओळीनं मांडून बसल्या. साहेब जेवायला निघाले तर वाटच नाही. उभ्या उभ्या ऐकून घेतलं. तांड्याची खेप तोडायची नाही, हे या बायांनीच आधी सांगितलं. साहेबांनी फोन लावला. शेषेरावांनी फाट्यावरची आपली विहीर टँकर भरायला खुली करतो असं परवाच लिहून दिलं होतं, तो कागद कुठे अडकलाय ते शोधायला लावलं. सोमवारपासून धानोरखेडला रोज खेप, आणि तांड्याला वेगळी.

"आनि भुजंगभाऊ येनार हाय म्हनं खेपेच्या टायमाला," ती म्हणाली. "बसून जेवनारा मानूस हाय. बरं वाटलं."

"साहेबांनी माझं काही विचारलं?"

"इचारलं की. तुमच्या त्या बाई कुठं हायेत, दर टायमाला त्याच येतात म्हनले."

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, बाईला आमी घरी ठिवलंय. बऱ्या झाल्या की लावून देऊ."

ती हसली. मीही हसले. आणि मग, इथे खोटं कशाला लिहू, मला फार वाईट वाटलं. इतकं सगळं झालं आणि मी तिथे नव्हते. माझ्यावाचून झालं. तिला चहा दिला, सिंधूसाठी तूप दिलं, फाटकापर्यंत पोचवायला गेले.

परत येऊन खोलीत आडवी झाले. छातीत धडधड होती, पण जरा वेळानं ती कुठे गेली ते कळलं नाही. हे पेढीवरून आले तेव्हा संध्याकाळ झाली होती, आणि मी दुपारपासून झोपले होते.